आभाळ हाय तवर

“आभाळ हाय तवर मी घरचा!”

आर्द्रा लागल्या की कधीतरी एका सकाळी शेजारच्या फाटकाची कडी खडखडायची आणि हे वाक्य ऐकू यायचं. फाटक त्यांचंच, घर त्यांचंच, तरी कडी वाजवल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत. काखेला एक निळी बॅग, अंगात चुरगळलेला पांढरा शर्ट, चेहरा उन्हानं करपलेला आणि डोळ्यांभोवती मात्र काळ्या चष्म्यानं राखलेली दोन गोरी वर्तुळं. मी माझ्या ओट्यावरून विचारायची, “या भाऊ! यंदा किती देश नांगरला?” ते हसायचे आणि आधी वर बघायचे. वर ढग दिसले की त्यांच्या तोंडावर असं समाधान यायचं, की आमच्या जालन्यात ते एक तर पेरणी उरकलेल्या शेतकऱ्याच्या तोंडावर दिसावं, नाहीतर ह्या माणसाच्या.

आता ते नाहीत. आभाळ येतं, कडी वाजत नाही. पण आमच्या गल्लीत येऊन अजूनही कोणाला विचारा, पायलटचं घर कोणतं, लहान पोरसुद्धा बोट करून दाखवेल.

पायलट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण माझ्याही तेच आलं होतं. जालना तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता आणि एमआयडीसीच्या रस्त्याला आमची कॉलनी उभी राहत होती. मी बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. ओल्या कागदावर बी मांडायचं आणि किती उगवतं ते बघायचं, एवढं माझं काम. शेजारी पायलट राहायला येतोय हे कळल्यावर आम्ही बायकांनी खिडक्यांचे पडदे धुऊन लावले हो! आणि टेम्पोतून उतरलं कोण? परतूरकडच्या खेड्यातला, कुणब्याचा मुलगा, शर्टाच्या बाह्या वर सारून स्वतःच कपाट उचलणारा. “ताई, जरा सरका तिकडं, पायावर पडंल,” हे त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं. मागे कडेवर पोरगी घेऊन त्यांची बायको उभी होती. तिला मी त्या दिवसापासून वहिनी म्हणायला लागले आणि त्यांना भाऊ.

आमच्या ह्यांना राहवलं नाही. चहाचा कप हातात देताच विचारलं, “तुमच्या विमानात हवाई सुंदरी असतील ना?”

“माझ्या विमानात एक कॅमेरा, एक कॅमेरावाला अन् एक सरकारी साहेब,” भाऊ म्हणाले. “दोघांनाबी मिशा हायेत.”

मग त्यांनी बोट पाण्यात बुडवून ओट्यावर रेघा ओढल्या आणि आम्हाला समजावलं. नकाशे करायचे तर जमिनीचे फोटो वरून काढावे लागतात. त्यासाठी विमान एकाच उंचीवर, एकाच वेगात, दोरी धरल्यासारखं सरळ न्यायचं. टोकाला गेलं की वळायचं आणि पहिल्या ओळीला लागून दुसरी ओळ धरायची. पुन्हा टोक, पुन्हा वळण. सकाळपासून तेच. मध्येच खाली ढग आला किंवा वाऱ्यानं विमान सरकलं, की त्या ओळीचे फोटो वाया. मग जिथं मोडली तिथून पुढं जायचं नाही. परत आरंभाला येऊन ती ओळ पहिल्यापासून उडायची.

“तिफणीनं पेरावं तसं हाय बघा ताई. नजर पुढं, बांधावरच्या झाडावर. ओळ मोडली तर पयल्यापासून परत, अन् अर्धी सोडायची तर बिलकुल न्हाई.”

“म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या की हो!”

“हां!” ते खूष होऊन म्हणाले. “फक्त उंट लई उंच हाय.”

आता ह्या कामाची मेख अशी, की त्याला आभाळ निरभ्र लागतं. म्हणजे घट बसले की भाऊ निघणार ते थेट पावसाळ्यातच येणार. कधी राजस्थान, कधी ओरिसा, कधी कुठलं तरी नाव न ऐकलेलं धावपट्टीचं गाव, तिथली एक लॉजमधली खोली आणि मेसचं जेवण. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत, होळी, पाडवा, पोरीच्या परीक्षा, वहिनींचं आजारपण, सगळं त्यांच्या माघारी. वहिनी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या, “ताई, शेतकरी पावसाची वाट बघतेत पिकासाठी. मी बघते नवऱ्यासाठी. देवाला वाटत आसंल, हिला वावर किती एकर हाय!”

घरी असले की मात्र माणूस घरभर. आणि सवय सुटते का? कपडे वाळत घातले तर एकाच्या काठावर दुसऱ्याचा काठ. झाडांना पाणी घालायचं तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग वळून दुसरी रांग. वहिनींनी एकदा आठवडी बाजारातून कोथिंबीर आणायला सांगितलं. सकाळी गेलेले भाऊ जेवणं उरकल्यावर परतले. कोथिंबिरीनं मान टाकलेली. आख्खा बाजार गल्लीगल्लीनं वर-खाली फिरून आले होते.

“अहो, कोथिंबीर तर शिरताच मिळते!” वहिनी करवादल्या.

“मिळती ना. पण पुढं काय हाय ते बघितल्याबिगर कशी घ्यायची? मधली एक ओळ सुटली आसती.”

“मग घेतली कुठून?”

“शिरताच बसलेल्या बाईकडून,” भाऊ शांतपणे म्हणाले. वहिनींनी जुडी हातातून ओढून घेतली आणि भिंतीआड जाऊन मी पोट धरून हसले.

त्यांची मुलगी जयश्री. आम्ही जयू म्हणायचो. ती बोलायला लागली त्या पावसाळ्यात भाऊ आले, कडी वाजवली, नेहमीचं वाक्य म्हणाले, आणि पोरगी आत पळाली. “आई, पाव्हणे आले!” वहिनींचा चेहरा पडला. मीही ओट्यावरून बघत होते. भाऊ मात्र पायरीवर बसले. बॅग बाजूला ठेवली. “बराबर हाय,” म्हणाले, “पाव्हणाच हाय मी. पाव्हण्याला पाणी तरी आण की बाई.” तिनं दोन्ही हातांनी तांब्या धरून आणला, निम्मं पाणी वाटेत सांडलं. ते पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, “आता आत येऊ का?” तिनं जरा विचार करून मान हलवली. तेव्हाच आत गेले, आधी नाही.

मला म्हणाले, “ताई, मी इथं न्हाई, तर तिनं मला वळखावं कसं? ते तिचं काम न्हाई. माझं हाय. दरसाल पयल्यापासून करायचं.” आणि केलंही माणसानं. दर पावसाळ्यात नव्यानं ओळख. तिच्या मैत्रिणींची नावं पाठ करायचे, तिच्या शाळेच्या फाटकाशी छत्री घेऊन उभे राहायचे, तिची वेणी घालायला शिकले. वेणी इतकी सरळ, की शाळेत बाई विचारायच्या, कोणी घातली गं?

आणि त्यातूनच ती पोळ्याची दिवाळी निघाली. खऱ्या दिवाळीत आख्ख्या गल्लीत रोषणाई आणि त्यांच्या दारात एक पणती, हे जयूला सोसेना. एका वर्षी तिनं हट्ट धरला, बाबा असतील तेव्हाच दिवाळी. भाऊंनी हिशेब लावला: घरी असताना मोठा सण कोणता? पोळा. झालं! श्रावणातल्या अमावास्येला पहाटे पोरीला उटणं लावून आंघोळ, चकल्या, करंज्या, मातीच्या बैलांची पूजा आणि संध्याकाळी दारात आकाशकंदील. मी फटकळ बाई, गप्प बसते थोडीच. फाटकात जाऊन म्हटलं, “भाऊ, लोक हसताहेत. पोळ्याला कंदील लावतात का कुठं?”

“ताई, दिवाळीबी अमावास्येलाच, अन् ही पण अमावास्याच. अंधार तितकाच हाय. मंग दिवा का न्हाई?”

मी घरी येऊन माळ्यावरचा कंदील काढला. दोन-तीन वर्षांत सगळी गल्ली पोळ्याला दिवे लावायला लागली. बाहेरचे लोक विचारायचे, तुमच्याकडे आज काय आहे? आम्ही सांगायचो, भाऊ घरी आहेत.

पण जायचा दिवस यायचा. आभाळ मोकळं होऊ लागलं की वहिनी मुक्या व्हायच्या. घट बसायच्या सुमारास सकाळी भाऊ निळी बॅग काखेला लावून निघायचे. आमची गल्ली लांब आणि सरळ. शेवटी नगरपालिकेची पाण्याची उंच टाकी. त्या टाकीवर नजर लावून चालायचे, आणि मागे वळून बघायचे नाहीत. कधीच नाही! जयू दारातून ओरडायची, “बाबा!” ते चालता चालताच न वळता एक हात वर करायचे. टाकीपाशी वळण घेऊन दिसेनासे व्हायचे. पोरगी पाय आपटायची. “बाबा बघतच नाहीत. सगळ्यांचे बाबा बघतात.”

एकदा मी त्यांना धारेवर धरलं. “लेकरू घसा फोडून हाक मारतं, भाऊ. मान वळवायला काय जातं तुमचं?”

“मागं बघितलं की ओळ वाकडी जाती ताई,” एवढंच म्हणाले. मला राग आला होता, अजूनही आठवला की येतो.

जयू मोठी झाली, गल्लीतल्या सगळ्यांच्या अंगाखांद्यावर वाढली म्हणा ना. बी.एस्सी. झाली, माझ्याच कंपनीत लागली, माझ्याच टेबलाशी. हात स्थिर आणि जीभ माझ्यासारखी. अंकुशनगरच्या साखर कारखान्यातल्या एका केमिस्टचं स्थळ आलं. मुलगा गुणी, बोलायला कमी. त्याचे वडील, अण्णा, जुन्या वळणाचे पण मनानं मोकळे. सगळं पसंत पडलं. तिची अट एकच होती, आणि ती तिनं पाहुण्यांसमोरच सांगितली: “लग्नात माझे बाबा मांडवात पाहिजेत. बाकी मला काही नको.”

म्हणून तारीख जूनच्या अखेरची धरली, आषाढी एकादशीच्या आतली, शेवटच्या मुहूर्तांतली. तोवर आभाळ येतं, भाऊ येतात. इतक्या वर्षांत चुकलं नव्हतं. कोणी वेगळा विचारही केला नाही, आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं. पत्रिका वाटून झाल्या, आणि त्या वर्षी मृग कोरडा गेला. आर्द्रा लागल्या, त्याही कोरड्या. आभाळ कसं? पुसून ठेवलेल्या परातीसारखं. शेतकऱ्यांचा जीव टांगणीला लागला, आणि आमच्या गल्लीचा त्याहून जास्त. सकाळी दूधवाला आला तरी आधी वर बघायचा.

भाऊ ओरिसात होते. आळीपाळीनं उडवणारा दुसरा पायलट काविळीनं घरी गेलेला. वरून फोटो काढायची सरकारची परवानगी ठराविक मुदतीची असते. ती संपत आलेली, आणि ओळी शिल्लक. त्या आता उडाल्या नाहीत तर वर्षभराचं काम पाण्यात. लग्नाला थोडे दिवस उरले असताना फोन आला. मी तिथंच होते, वहिनींबरोबर अक्षता रंगवत. फोन जयूनं घेतला, आणि आवाज इतका मोठा की आम्हाला सगळं ऐकू आलं.

“जयू, मी निघून राह्यलो. बघतील ते काय करायचं ते. मी आलो.”

“किती ओळी राहिल्या, बाबा?”

“हायेत. तू नको इचारू.”

“तुम्ही आलात तर दुसरं कोण उडवणार?”

“कोण न्हाई.”

वहिनींनी हातातल्या अक्षता ताटात ठेवल्या. त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, त्यांना काय ऐकायचं होतं. इतकी वर्षं त्या माणसानं कामासाठी घर सोडलं. आज पहिल्यांदा घरासाठी काम सोडायला निघाला होता. पोरीनं ‘या’ म्हणावं, एवढंच. आणि ही पोरगी काय म्हणाली?

“बाबा, यायचं नाही. अर्धी ओळ सोडून आलेला बाप मला मांडवात नको.”

“आगं पण लगीन...”

“लग्न थांबेल. तुमच्याशिवाय मी बोहल्यावर चढत नाही आणि तुम्ही काम सोडून यायचं नाही. दोन्ही होईल. मी बघते. तुम्ही पुढं बघा.”

फोन ठेवला आणि मटकन् खाली बसली. “कप्पाळ माझं!” मी म्हटलं. “अगं, पत्रिका वाटल्यात!” “माहीत आहे मावशी,” ती म्हणाली, “आता मला जरा पाणी दे.”

अण्णा दुसऱ्याच दिवशी जीप घेऊन आले, मुलगाही बरोबर. अण्णांचा चेहरा लालबुंद. “बाप येत न्हाई म्हणून लगीन थांबवायचं? लोकांनी शेण घालावं आमच्या तोंडात? जल्दी करून आम्हीच फसलो. आता सरळ तुळशीच्या लग्नानंतर बघू. न्हाईतर राहू द्या.”

‘राहू द्या’ म्हटल्यावर वहिनींचा धीर सुटला. त्या आत गेल्या. मी उठले आणि परत बसले. इथं माझ्या जिभेचं काम नव्हतं.

जयू म्हणाली, “अण्णा, तुळशीच्या लग्नानंतर बाबा पुन्हा बाहेर. आणि तेव्हा ह्यांच्या कारखान्यात गाळप चालू.”

आता मुलगा म्हणाला, “खरं हाय अण्णा. गाळपात मला घटकाभर सोडत न्हाईत. मांडवात नवरदेव कुठून आणता?”

“मंग करायचं कधी? चतुर्मासात?”

“पोळ्याला,” जयू म्हणाली.

“पोळ्याला! माणसाचं लगीन का बैलाचं?”

“दोघांचं. आमच्या परतूरकडच्या गावात त्या दिवशी मारुतीपुढे बैलांना बाशिंग बांधून मंगलाष्टकं म्हणतात, अक्षता टाकतात. बैलांची लग्नं अमावास्येला लागतात, तर माझंही लागू दे. त्या दिवशी बाबा घरी असतात. माझा एकही पोळा त्यांनी चुकवलेला नाही.”

अण्णा म्हणाले, “चला तुमच्या गावच्या गुरुजींकडं. ते म्हणतील तसं.” त्यांना वाटलं, कोणता ब्राह्मण ह्याला हो म्हणेल? आम्ही सगळे त्याच जीपमधून गावी गेलो. गुरुजी ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. सगळं ऐकून घेतलं, पंचांगाला हातसुद्धा लावला नाही.

“मुहूर्त न्हाईच,” ते म्हणाले. अण्णांनी विजयानं आमच्याकडे बघितलं. “पण मी जन्मभर त्या दिवशी गोरजाच्या वेळी गावच्या सगळ्या जोड्यांना मंगलाष्टकं म्हणत आलो. अजून एकाबी बैलाचा संसार मोडला न्हाई. तुम्हा माणसांचं, मुहूर्त बघून लावलेलं, मी सांगू नये.”

आधी मुलगा हसला, मग मी, आणि मग अण्णा असे हसले की उपरण्यानं डोळे पुसावे लागले. “ठरलं,” म्हणाले. “पण जेवणात पुरणपोळी पाहिजे. बैलांना एक अन् आम्हाला एक, असं चालणार न्हाई.”

भाऊंनी मुदतीच्या आत शेवटची ओळ उडवली. त्यानंतर लगेच आभाळ भरून आलं, इथं आणि तिथंही. कडी वाजली. ह्या वेळी ते वाक्य म्हणाले नाहीत. जयू दारात उभी होती. तिनं तांब्या पुढे केला आणि विचारलं, “झाल्या सगळ्या?” ते म्हणाले, “झाल्या.” आणि पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. आम्ही कोणी त्यांना उठवलं नाही.

असं लग्न मी जन्मात पाहिलं नाही. वेशीतून बैल येताहेत, अंगावर झुली, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंगं. आणि पारावर मुंडावळ्या बांधलेली आमची जयू. गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी घरचे आकाशकंदील आणले होते, ते मारुतीच्या देवळाला टांगले. गुरुजींनी एकदाच मंगलाष्टकं म्हटली, सगळ्यांसाठी. आम्ही अक्षता टाकल्या, त्या नवरा-नवरीवर पडल्या आणि शेजारच्या ढवळ्या बैलाच्या पाठीवरही पडल्या. कन्यादानाला वहिनी आणि भाऊ जोडीनं बसले. पाणी सोडताना भाऊंचा हात, तो जन्मभर विमान सरळ धरणारा हात, एवढा कापत होता की वहिनींनी खालून आपला हात लावला.

दिवस मावळता मावळता जीप निघाली. जयू सगळ्यांच्या गळ्यात पडून झाली होती. ती बसली, पदर सावरला आणि समोर बघायला लागली. चिखलाची वाट, जीप हळूहळू पुढे. भाऊ सगळ्यांच्या पुढे उभे. मला वाटलं आता ती वळेल. नाही वळली. जीप ओढ्याच्या उताराला लागली, आणि भाऊ एकदम चालायला लागले, मग पळायलाच लागले, चप्पल चिखलात रुतली ती तशीच सोडून.

“मागं बघ की गं माय! जयू, मागं बघ!”

जीपच्या मागच्या बाजूनं एक हिरव्या चुड्याचा हात बाहेर आला. वर झाला, क्षणभर थांबला, आणि आत गेला. मान वळली नाही.

मी धापा टाकत त्यांच्यापाशी पोचले. एका पायात चप्पल, खांद्यावरचं उपरणं घसरलेलं, तसे ते रिकाम्या वाटेकडे बघत होते.

“ताई,” ते म्हणाले, “हे आसं दिसतंय व्हय दारातून?”

मला त्यांच्यावर इतकी वर्षं राग होता, त्यातलं काही त्या वेळी उरलं नाही. पण खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, “हो भाऊ. असंच दिसतं.”

पुढे आश्विन आला. आभाळ मोकळं झालं, घट बसले, आणि सकाळी भाऊ निळी बॅग काखेला लावून निघाले. दारात ह्या वेळी वहिनी आणि मी, दोघीच. हाक मारायला कोणी नव्हतं. टाकीवर नजर लावून ते नेहमीसारखे सरळ चालत गेले. वहिनी दाराची चौकट धरून उभ्या होत्या, आणि मी उगीच माझ्या ओट्यावरचा कचरा बघत होते.

“ताई,” वहिनींनी माझं मनगट घट्ट पकडलं. “बघा, बघा.”

टाकीपाशी भाऊ थांबले होते. थांबले, आणि वळले. मागे बघितलं. नुसतं बघितलं नाही. बघतच उभे राहिले. एक टेम्पो हॉर्न वाजवत त्यांना वळसा घालून गेला. मग ते आमच्याकडे चालायला लागले. आख्खी गल्ली परत चालून आले, फाटकाशी उभे राहिले आणि कडी वाजवली.

“अगंबाई, काय विसरलं?” मी विचारलं.

“काय न्हाई,” ते म्हणाले. “ओळ मोडली ताई. आता पयल्यापासून परत.”

वहिनी तांब्या भरून घेऊन आल्या. त्यांना हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, दोन्ही एकदमच. भाऊ पायरीवर बसले, बॅग बाजूला ठेवली आणि निवांत पाणी प्यायले. बस कधीच चुकली होती. मी वर बघितलं. आभाळात ढगाचा पुंजकासुद्धा नव्हता, आणि भाऊ घरी होते.